घरचा संगणक : वाढवलेला वेग, ढळलेला भरवसा

सांगलीकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावातले कापड दुकानदाराचे घर डोळ्यांसमोर आणावे. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने सुटे भाग जमवून घरीच संगणक जुळवला. प्रोसेसर रायझन ५ ३६००. रॅमच्या ८ जीबीच्या पट्ट्या आधी दोन आणि महिन्याभराने आणखी दोन. पट्ट्यांच्या खोक्यावर ३६०० हा वेग छापलेला होता. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाचा पर्याय सुरू करताच तो वेग मिळालाही. मग हुरूप वाढला आणि प्रोसेसरचे सहाही गाभे ४.२ गिगाहर्ट्झवर नेऊन बसवले गेले. थंडीचे तीन महिने संगणक उत्तम चालला. दिवसा मुलाचा अभ्यास आणि खेळ, संध्याकाळी वडिलांचे दुकानाचे हिशेब, सुट्टीच्या दिवशी थोरल्या बहिणीचे फोटोंचे संकलन, असा सगळ्या घराचा संसार त्या एका यंत्रावर आला.

मार्चमध्ये कुरबुरी सुरू झाल्या. ब्राउझरचे एखादे पान आपोआप मिटे. खेळ मध्येच बंद होई. उतरवून घेतलेली झिप फाइल खराब असल्याचा संदेश येई आणि तीच फाइल पुन्हा उतरवली की बिनतक्रार उघडे. पुढे निळा पडदा येऊ लागला आणि त्यावरचे कारण दर वेळी निराळे. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, दुसऱ्यांदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, तिसऱ्यांदा कुठल्याशा ड्रायव्हरचे नाव. मुलाने ड्रायव्हर बदलले, व्हायरसची तपासणी केली, हार्ड डिस्कवर संशय घेतला. शेवटी विंडोज नव्याने घालायला घेतले, तर तेही एक फाइल खराब असल्याचे सांगून अर्ध्यावर थांबले. पेनड्राइव्ह तीच होती आणि मित्राच्या संगणकावर तिच्यावरून विंडोज सुरळीत चढले होते.

या आजाराची ही पहिली खूण. सॉफ्टवेअरमधला दोष सहसा एकाच जागी अडतो. तीच कृती केली की तीच चूक पुन्हा दिसते. स्मृतीतला दोष मात्र आज एकाच्या माथी बसतो, उद्या दुसऱ्याच्या, कारण त्या क्षणी रॅमच्या त्या खोलीत जे कोणी राहत असेल त्याचे नुकसान होते. ब्राउझर असेल तर ब्राउझर पडतो, ड्रायव्हर असेल तर निळा पडदा येतो. आणि त्या खोलीत हिशेबाचा आकडा असेल तर काहीच पडत नाही.

ते त्या घरात एका संध्याकाळी कळले. वर्षअखेरची खाती जुळवताना वडिलांची बेरीज लागेना. बिलावर १५,००० रुपये होते, संगणकातल्या तक्त्यात १०,९०४.

“घाईत चुकले असेल, पप्पा.”

“घाईत शून्य कमी पडेल, अंक मागेपुढे होतील. १०,९०४ कुठून येतील? बिल समोर ठेवून टाकले होते मी. नेमका ४,०९६ चा फरक आहे.”

तो आकडा ऐकून मुलगा गप्प झाला. संगणक मोजतो तो दोनाच्या पटीत, आणि दोनाला दोनाने गुणत बाराव्या पायरीवर गेले की ४,०९६ येतात. १५,००० ही रक्कम संगणकाच्या लेखी ८१९२, ४०९६, २०४८, ५१२, १२८, १६ आणि ८ यांची बेरीज आहे. त्यांतला ४०९६ चा दिवा विझला की उरतात १०,९०४. बोट चुकून असा फरक क्वचितच पडेल. एक बिट उलटला की तो अगदी सहज पडतो. एवढ्यावरून स्मृतीच दोषी ठरत नाही, पण संशयितांच्या रांगेत तिला सर्वांत पुढे उभे करायला इतका पुरावा पुरेसा आहे.

हाच आकडा याआधी एकदा निवडणुकीच्या निकालात उमटला होता. ब्रसेल्समधील शार्बेक या भागात १८ मे २००३ रोजी झालेल्या मतदानात संगणकाने एका उमेदवाराच्या पदरात ४,०९६ मते जास्तीची टाकली. शक्यच नाहीत इतकी मते दिसल्यामुळे चूक पकडली गेली. यंत्र वारंवार तपासूनही दोष पुन्हा दिसला नाही, तेव्हा अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने बिट उलटवला असावा, असा तर्क करण्यात आला. ही हकिगत इतकी आकर्षक आहे की घरचा संगणक रुसला तरी लोक अवकाशातल्या किरणांना दोष देऊन मोकळे होतात. ते बहुतेक वेळा खरे नसते. बियांका श्रोडर आणि गूगलमधील त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्या कंपनीच्या हजारो सर्व्हरांतील रॅमचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या, आणि या चुकांमागे योगायोगाने आलेल्या कणांपेक्षा प्रत्यक्ष यंत्रातले दोषच अधिक असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. आज चुकलेली पट्टी उद्याही चुकण्याची शक्यता मोठी असते.

तेव्हा आकाशाकडे न पाहता कॅबिनेटच्या आत पाहिलेले बरे. आजच्या रॅमची मूळ कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली : एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा भार धरून ठेवणारा एक इवलासा कपॅसिटर. भार असला तर एक, नसला तर शून्य. हा कपॅसिटर म्हणजे पाझरणारा माठ आहे. भरून ठेवला तरी गळत राहतो, म्हणून डीडीआर४ पट्टीतील प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा वाचून पुन्हा भरावी लागते. उष्णता वाढली की गळती वाढते. पट्टीचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले तर हीच भरणी दुप्पट वेळा करावी, असा नियमच आहे. ही झाली साठवणुकीची बाजू. दुसरी बाजू वाहतुकीची. ३२०० वेगाच्या रॅममध्ये एका तारेवरून एका सेकंदात ३२० कोटी बिट जातात. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला जो वेळ येतो तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ९ सेंटीमीटर पुढे सरकतो. त्या निमिषात तारेवरचा विजेचा दाब चढून स्थिर व्हायचा, समोरच्याने तो शून्य की एक हे ठरवायचे, आणि लगेच पुढचा बिट हजर. वेग ३६०० वर नेला की हा वेळ आणखी नवव्या भागाने कमी होतो. पट्ट्या दोनाच्या चार केल्या की त्याच तारांवरचे ओझे वाढते.

मग कंपन्या इतका वेग देतात तरी कसा? इथे कोल्हापूरच्या बाजारातल्या गुळाची प्रतवारी आठवावी. एकाच काहिलीतून निघालेल्या ढेपाही सारख्या नसतात. चिपांचेही तसेच. कारखान्यात त्या तपासून वेगवेगळ्या प्रतींत लावल्या जातात आणि प्रत्येक प्रतीवर थोडी सवड राखून आकडा छापला जातो. उन्हाळा, जुने झालेले सुटे भाग, कमी-जास्त होणारा विजेचा दाब या सगळ्यांतून तरून जाण्यासाठी ही सवड असते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ती सवड खर्चून वेग विकत घेणे. काही वेळा हा सौदा भलताच फायद्याचा निघतो. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर हौशी लोकांनी बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करून ३०० ऐवजी ४५० वर चालवला आणि तो बहुतेकांकडे चाललाही. तेव्हापासून या छंदाची गोडी घरोघर पोहोचली.

एक्सएमपी हाही ओव्हरक्लॉकिंगचाच प्रकार आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. खोक्यावर छापलेला ३६०० हा आकडा पट्टी विकणाऱ्याचा असतो, १.३५ व्होल्ट देऊन आपली पट्टी तेवढी पळेल, एवढेच तो सांगतो. डीडीआर४ चा प्रमाणित दाब १.२ व्होल्ट आहे आणि प्रमाणित वेग ३२०० वर संपतो. शिवाय रॅमला हाकणारा नियंत्रक प्रोसेसरच्या पोटात असतो आणि त्याची क्षमता प्रोसेसरची कंपनी वेगळी सांगते. रायझन ५ ३६०० साठी एएमडीने दोन पट्ट्यांना ३२०० हा वेग मान्य केला आहे; चार लावल्या तर साध्या, एकपदरी पट्ट्यांसाठी २९३३ आणि दुपदरींसाठी २६६७. इंटेलच्या कोअर आय५ १०४०० साठी तर अधिकृत वेग २६६६ एवढाच आहे. दुकानात या दोन आकड्यांची गाठ कोणी घालून देत नाही.

संगणक जुळवून देणाऱ्यानेच वेग वाढवून ठेवला असेल, तर घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता रेमंड चेन यांनी २००५ मध्ये असाच अनुभव मांडला होता. ग्राहकांकडून आलेल्या बिघाडांच्या नोंदींत काही ठिकाणी संगणक अशा आज्ञेवर कोसळलेला दिसे, जिथे कोसळणे शक्यच नव्हते. प्रोसेसरमधल्या एका जागी शून्य ठेवण्याइतकी ती साधी आज्ञा होती. चौकशी करता संगणक ओव्हरक्लॉक केलेले निघाले, आणि काही मालकांना ते त्या चौकशीतूनच समजले. पुढे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांचा अभ्यास केला. वेग वाढवलेले संगणक अधिक कोसळतात, वेग कमी ठेवलेले कमी कोसळतात, आणि यंत्रदोषाने एकदा कोसळलेला संगणक पुन्हा कोसळण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, असे त्यात दिसून आले. ‘एकदाच झाले, जाऊ दे’ असे म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही. आपल्या रॅमचा वेग विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या पानावर मेमरीच्या खाली दिसतो. तो अधिकृत आकड्याशी ताडून पाहायला दोन मिनिटे लागतात.

आता त्या घरातल्या तपासाकडे वळू. मुलाने पहिली गोष्ट योग्य केली : संगणकावरचे महत्त्वाचे काम थांबवले. संशय आल्यावर घाईघाईने सगळ्याची नवी प्रत काढणे हा स्वाभाविक मोह असतो, पण तो घातक आहे. फाइल एका डिस्कवरून दुसरीवर जाते ती रॅममधूनच जाते. आजारी रॅममधून काढलेली प्रत चांगल्या जुन्या प्रतीवर चढवली तर उरलासुरला आधारही जातो. जुनी बाह्य डिस्क त्याने सोडवून कपाटात ठेवली.

दुसरी गोष्ट बायोसमध्ये. सगळे पर्याय एकदम मूळ स्थितीला आणायचे, एक्सएमपीसुद्धा बंद. त्या रात्री चारही पट्ट्या २४०० च्या संथ वेगावर होत्या. मेमटेस्ट८६ नावाचा तपासणी कार्यक्रम पेनड्राइव्हवर घालून त्यावरूनच संगणक सुरू केला. विंडोज सुरू होण्याआधीच हा चालतो, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम त्याच्या ताब्यात येते. तो ठरावीक नक्षीचे शून्य-एक सगळीकडे लिहितो, परत वाचतो, उलटवून लिहितो, पुन्हा वाचतो. फुकट मिळणाऱ्या आवृत्तीत अशा चार फेऱ्या होतात. ३२ जीबी रॅमला त्यात रात्र जाते. ज्यांना हे अवघड वाटते त्यांच्यासाठी विंडोजमध्येच ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे. त्याची पारख तितकी कडक नाही, पण ढोबळ दोष तोही पकडतो. सकाळी मुलाच्या संगणकावर चुकांच्या रकान्यात शून्य होते.

या शून्याचा अर्थ मोठा. मूळ वेगावर चुका निघाल्या असत्या तर एखादी पट्टी किंवा स्लॉटच खराब असता. अशा वेळी वीजपुरवठा काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवून, एक-एक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासायची. मग चांगली ठरलेली पट्टी एक-एक स्लॉटमध्ये फिरवायची. आपल्याकडे पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची पद्धत आहे. पावसाळी दमटपणानंतर त्याने कधीकधी गुणही येतो. पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवे दुखणे सुरू होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ कापडाचा बोळा त्यापेक्षा बरा. चूक कायम त्याच पत्त्यावर आणि त्याच बिटात येत असेल तर ती पेशी मेली समजावे आणि पट्टी हमीखाली बदलून घ्यावी. चुका इकडेतिकडे विखुरल्या असतील तर वेग, विजेचा दाब, उष्णता किंवा नियंत्रक यांच्याकडे पाहावे. एसएमपीएस दमलेला असला तरी चित्र साधारण असेच दिसते.

तिसऱ्या पायरीवर मुलाने एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम पाळला. या कामात सर्वांत कठीण जाते ते हेच, कारण हात शिवशिवतात आणि चार पर्याय एकदम बदलून टाकावेसे वाटतात. मग कशाने काय झाले ते कळत नाही. आधी रॅम संथ ठेवून फक्त प्रोसेसर ४.२ वर नेला आणि प्राइम९५ चालवला. मर्सेन प्रकारच्या मूळ संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमाचा हा कार्यक्रम. अवाढव्य संख्यांचे गुणाकार तो तासन्‌तास करत राहतो आणि प्रत्येक टप्प्यावर आपलेच उत्तर तपासतो. एका बिटाची चूकही अख्खी गणना वाया घालवते, म्हणून ही तपासणी त्याला करावीच लागते. शोध राहिला बाजूला, जगभरच्या हौशी लोकांनी त्याला यंत्राचा कस लावण्याचे साधन केले. छोट्या आकाराच्या चाचणीत मुख्यतः प्रोसेसर तपासला जातो, मिश्र चाचणीत रॅमही. रात्री चार तास प्रोसेसर बिनचूक चालला.

मग प्रोसेसर मूळ स्थितीला आणि रॅम ३६०० वर. मेमटेस्टच्या दुसऱ्या फेरीत लाल ओळी उमटल्या. पत्ते विखुरलेले, बिट निरनिराळे. त्याने पहिली जोडी काढून दुसरीवर चाचणी घेतली : शून्य. दुसरी काढून पहिलीवर : शून्य. चार एकत्र : पुन्हा चुका. पट्टी एकही खराब नव्हती. महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दोन जोड्या, वरचे नाव एक असले तरी आतल्या चिपा कदाचित निराळ्या, आणि चारांचे ओझे त्या वेगाने ओढणे प्रोसेसरमधल्या नियंत्रकाला झेपत नव्हते.

मित्राने सुचवले की व्होल्टेज थोडे वाढव. १.३५ चे १.४० केले. चुका कितीतरी कमी झाल्या. चार फेऱ्यांत एखादीच. अनेक जण इथेच समाधान मानतात आणि फसतात. रोज कोसळणारा संगणक माणूस दुरुस्त तरी करतो. महिन्यातून एकदा एक बिट उलटवणारा संगणक चांगला म्हणून वापरला जातो आणि त्याचे बिघडवणे साठत जाते. मेमटेस्टमध्ये ‘थोड्या चुका’ असा निकाल नसतो. मुलाने व्होल्टेज पूर्ववत केले आणि वेग ३२०० वर उतरवला. रात्रीच्या तपासणीत शून्य.

तोवर एप्रिल उजाडला होता. वडिलांनी सहज विचारले, “रात्रीच का तपासतोस? आम्ही तर दुपारी बसतो हिशेबाला.” प्रश्न साधा होता, पण तपासातली मोठी फट त्याने दाखवली. डिसेंबरच्या रात्री ज्या खोलीत १८ अंश तापमान असते तिथे एप्रिलच्या दुपारी ३८ असते. बाहेरची हवा वीस अंशांनी तापली की आतली प्रत्येक वस्तू साधारण तितकीच अधिक तापते. थंडीत मिळालेले प्रशस्तिपत्र उन्हाळ्यात चालत नाही. मुलाने भर दुपारी, पंखा बंद ठेवून, ३२०० वर तपासणी लावली. तिसऱ्या फेरीत एक चूक आली. एकच. त्याने वेग २९३३ केला, म्हणजे कंपनीने चार पट्ट्यांसाठी पहिल्या दिवसापासून छापलेला आकडा. लागोपाठ तीन दुपारी शून्य. ४.२ वरचा प्रोसेसरही त्याच उकाड्यात पुन्हा तपासला, तेव्हा प्राइम९५ ने तासाभरात गणिती चूक दाखवून एक काम थांबवले. तोही मूळ स्थितीला गेला. बहिणीच्या फोटोंच्या संकलनात यामुळे फरक पडला तो दहा मिनिटांच्या कामात काही सेकंदांचा.

सर्व्हरमध्ये ही वेळ सहसा येत नाही, कारण तिथल्या रॅममध्ये ६४ बिटांमागे ८ जादा बिट राखणीला असतात. त्यांच्या आधारे एका बिटाची चूक आपोआप सुधारली जाते आणि दोन बिटांची निदान ओळखली जाते. ही विद्या बेल लॅब्जमधील रिचर्ड हॅमिंग यांची. शनिवार-रविवारी यंत्रावर लावून ठेवलेली त्यांची गणिते एखादी चूक आढळताच यंत्र अर्धवट टाकून देई. यंत्राला चूक कळते तर ती सुधारता का येऊ नये, या वैतागातून त्यांनी शोधलेली पद्धत १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. घरगुती संगणकांना मात्र हे संरक्षण सहसा दिले जात नाही; थोडी जास्त किंमत हे त्याचे कारण, आणि ते पटण्यासारखे नाही. डीडीआर५ पट्टीत चिपच्या आतल्या आत चूक सुधारण्याची सोय आली आहे. पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे बिघडते त्याला ती उपयोगी पडत नाही.

यंत्र बरे झाले तरी मागच्या तीन महिन्यांत काय काय बिघडले, हा प्रश्न उरलाच होता. विंडोजच्या स्वतःच्या फाइली ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा देऊन तपासता येतात. पण इथे विंडोज नव्यानेच घातले, तेच बरे झाले. खात्यांसाठी वडिलांनी संगणकावर भिस्त ठेवली नाही. जानेवारीपासूनची बिलांची फाइल काढली आणि मायलेकींनी दोन संध्याकाळी एकेक नोंद वाचून दाखवली. १०,९०४ ची चूक सोडून दुसरी निघाली नाही. जीएसटीचे विवरणपत्र त्यानंतरच भरले गेले.

फोटोंचे काम कठीण होते. जानेवारीत बहिणीने दहा वर्षांचे कौटुंबिक फोटो जुन्या बाह्य डिस्कवरून या संगणकावर आणले होते. त्यांत आजीच्या शेवटच्या वाढदिवसाचेही होते, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. प्रत काढून झाली म्हणून जुनी डिस्क कोरी करून भाच्याला देण्याचे ठरले होते. ते केवळ आळसाने राहून गेले. जेपीईजी प्रकारच्या फोटोत एक बिट उलटला तरी त्या जागेपासून खालचा भाग अनेकदा सरकतो किंवा हिरवा-जांभळा होतो, पण छोट्या आकारात पाहताना ते सहज नजरेआड होते. हजारो फोटो डोळ्यांनी तपासणे शक्य नव्हते. मुलाने दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलचा हॅश काढला. फाइलमधल्या सगळ्या बिटांवरून काढलेली ही एक लांबलचक संख्या असते, आणि एक बिट जरी वेगळा असला तरी ती पार बदलते. दोन याद्या शेजारी ठेवल्या की न जुळणाऱ्या फाइली आपोआप वर येतात. सतरा फाइली जुळल्या नाहीत. जुन्या डिस्कवरच्या सतराही उघडून पाहिल्या. सगळ्या धड होत्या.

त्यांतली एक आजीची निघाली. संगणकावरच्या प्रतीत आजीच्या कपाळापर्यंत सगळे स्वच्छ आणि त्याखाली राखाडी पट्टे. बहिणीने ती प्रत पुसून जुन्या डिस्कवरची तिथे आणली, उघडून पूर्ण आकारात पाहिली आणि मग पुढच्या फाइलीकडे गेली. त्या डिस्कवर आता चिकटपट्टी लावून बहिणीच्या अक्षरात ‘पुसू नये’ असे लिहिलेले आहे, आणि संगणकाच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मुलाने पेन्सिलीने २९३३ हा आकडा आणि तपासणीची तारीख.